नासकं लिंबू कसं पाठवायचं

माळवस्ती, मोडनिंब
१ सप्टेंबर २०२४

चि. सौ. कां. अंकितास,

तुझ्या होणाऱ्या सासूचा, दगडाबाईचा, आशीर्वाद. पत्र बघून म्हणशील, आत्याबाईला फोन करता येत न्हाय का. येतो की. पण आमच्या घरात फोन म्हंजे चावडी. हे कायम स्पीकर लावूनच बोलत्यात, आन् मी कुणाशी काय बोलले ते गोठ्यातल्या म्हशीला बी कळतं. मला जे इचारायचंय ते ह्यांना कळू द्यायचं न्हाय. उदयसिंहला बी न्हाय. लग्नाआधीच त्याची चहाडी सांगते, पण चिंचोळीच्या कंपनीत दिवसभर मुकाट मशीन चालवणारा माझा ल्योक घरी आला की त्याच्या पोटात काय म्हंजे काय राहत न्हाय. इकडं सांगितलं की तिकडं बापाच्या कानात. म्हणून ही डबी आन् ही चिठ्ठी कासीमभाईच्या टेम्पोतनं धाडते. त्यो एक दिवसाआड सोलापूरच्या मार्केट यार्डात लिंबं नेतो.

तर गोष्ट अशी. उसाचं रान ह्यांचं आन् त्याच्या खालच्या अंगाला एकशेवीस झाडं लिंबाची, ती माझी. सात वर्षांमागं खड्ड्यापास्नं मी लावलीत, पहिला उन्हाळा घागरीनं पाणी घालून काढलाय. औंदा मृगाचा बहर लई धरला. फळ सुपारीएवढं झालं आन् ऑगस्टातल्या पावसात त्याला तपकिरी डाग पडाया लागला. दोन दिवसांत फळ मऊ, तिसऱ्या दिवशी खाली. रोज सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. हे म्हणत्यात, बाग गेली, जेसीबी आणून उपटू आन् सगळ्यात ऊस लावू. मी उपटू देणार न्हाय. पण रोगाचं नावच ठाऊक नसंल तर भांडायचं कशाच्या जोरावर? दुकानदाराला इचारलं तर त्यो दर खेपंला नवी बाटली देतो.

तू पिकांचे रोग तपासायच्या प्रयोगशाळेत असतीस असं साखरपुड्यात समजलं. सोबत अकरा लिंबं हायत. बघून रोगाचं नाव कळव. नावात काय गुण न्हाय, पण मला ह्यांच्याम्होरं नाव घेऊन उभं राहायचंय.

तुझी आत्याबाई


सोलापूर
४ सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाईंना नमस्कार.

डबी पोचली, पण माझ्या हातात पडायच्या आधी आमच्या तानाबाईआजीनं ती उघडली. साखरपुड्यात तुम्हाला शेजारी बसवून 'मुलगा तंबाखू खातो का' असं पाच वेळा विचारत होती, तीच. तिला काय दिसलं, तर अनोळखी टेम्पोवाल्यानं आणून दिलेली डबी, डबीत अकरा लिंबं, प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटं, आणि वर लाल दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी.

आत्याबाई, तुम्हीच सांगा, आजीनं काय समजायचं? तिनं चिमट्यानं एकेक लिंबू उचललं, चौकात नेऊन टाकलं, आल्यावर अंघोळ केली, आणि मी कामावरून येताच उंबऱ्यातच माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. कासीमभाईंना कुणी पाठवलं याची चौकशी तोवर गल्लीभर झाली होती. चिठ्ठी जळायची वाचली ती केवळ काडेपेटी सापडली नाही म्हणून. ती बिचारी कोपऱ्यात वाटीखाली झाकून ठेवलेली होती.

मी समजावलं की कुंकू तुम्ही शुभ म्हणून लावलंय. आजी म्हणाली, 'शुभाला नारळ असतो.' पण सोयरिकीला काही धक्का नाही, काळजी करू नका. लग्नात ती तुमच्याकडं थोडी निरखून बघेल, एवढंच.

आता कामाचं. मी आजीला विचारलं, लिंबांवर डाग कसे होते? ती म्हणाली, 'डाग कसले, टपोरी होती, टाकताना जीवावर आलं.' म्हणजे तुम्ही चांगली फळं पाठवलीत की काय? मला आजारी फळं हवीत. डाग नुकता पडलेली, झाडावरनं देठासकट तोडलेली. आणि यापुढं घरी नको, खालच्या पत्त्यावर, प्रयोगशाळेत पाठवा. तिथं लिंबाला कुणी भीत नाही.

तुमची
अंकिता


माळवस्ती
८ सप्टेंबर २०२४

चि. अंकितास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल दारात गणपती बसला, आन् मी मोदक वळताना मनात तुझ्या आजीचीच माफी मागत होते. साखरपुड्यानंतर माझ्या हातनं तुमच्या घरी गेलेली पहिली वस्तू ती. कुंकवाशिवाय कशी धाडायची?

आन् चांगली फळं का धाडली म्हणतीस. मग काय नासकी धाडू? होणाऱ्या सुनंच्या घरी? माझ्या सासूनं मला एकच गोष्ट मारून मुटकून शिकवली, सोयऱ्याच्या घरी जाणाऱ्या टोपलीत सुकलेलं पान बी असू नये. मला वाटलं तू शिकलेली हायस, चांगल्या फळात बी आतला रोग दिसत असंल तुला त्या मशीनखाली.

तरी तू म्हणतीस म्हणून काळीज घट्ट करून आजारी फळं धाडते. पण तुझ्या हापिसात चार लोक बघणार, म्हणून जरा माणसात बसण्यासारखी केलीत. लई सडलेला भाग चाकूनं काढलाय. मीठ-हळदीच्या पाण्यात दोनदा धुतली, पदरानं कोरडी केली, आन् वाटंत धूळ बसू नये म्हणून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून गाठ मारलीय. खाली एक इरकली खण हाय, तो तुला. कुंकू लावलं न्हाय. हात लई वळवळला, पण लावलं न्हाय.

हे रोज जेसीबीवाल्याला फोन करत्यात. स्पीकरवर.

आत्याबाई


सोलापूर
११ सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाई,

खण फार सुंदर आहे. मोरपंखी रंग माझा आवडता, हे तुम्हाला उदयनं सांगितलं असणार. त्याच्या पोटात काही राहत नाही याचा कधीकधी फायदाही होतो.

फळांचं मात्र ऐका. मी टेबलावर पिशवी उघडली तेव्हा आमचे संगमेश सर मागं उभे होते. धुतलेली, पुसलेली, कापलेली लिंबं खणावर मांडलेली बघून ते म्हणाले, 'अंकिता, हा नमुना आहे की रुखवत?' सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

डागाचा भाग तुम्ही कापून टाकलात, आणि रोग राहतो तो नेमका तिथंच. आजारी फळ माझ्यासाठी पत्रासारखं असतं, आणि तुम्ही अक्षरं पुसून मला कोरा कागद पाठवलात. शिवाय बंद पिशवीत फळांना घाम सुटला, कापलेल्या जागी हिरवी बुरशी चढली. ती तुमच्या बागेतली नव्हे, प्रवासातली, शिळ्या भाकरीवर येते तसली. तिचं नाव सांगून मी तुम्हाला भांडायला पाठवलं असतं तर मामांनी एका मिनिटात तुम्हाला घरी बसवलं असतं. पण चूक माझी. धुऊ नका, कापू नका, प्लास्टिकात घालू नका, हे मी लिहायला हवं होतं. मला वाटलं, ते कुणाला सांगावं लागत नाही.

आता नासकं पाठवायचा त्रास तुम्हाला देत नाही. दुसरी वाट आहे आणि ती तुम्हाला आवडेल. या खेपेला चांगलीच फळं पाठवा, हिरवी, टणक, सहा पुरेत. त्यांच्याबरोबर, सगळ्यात जास्त गळ आहे त्या झाडाखालची वीतभर खोल माती पाठवा, ओलसर, किलोभर. माती पाण्यात कालवून त्यावर मी ही फळं तरंगत ठेवणार. रोग मातीत असेल तर तो चांगल्या फळावर येऊन बसेल. मासा गळाला लागतो तसा.

आणि एवढं कळवा. गळणारी फळं झाडावर उंचावरची की खालची? बागेत सगळीकडं सारखी गळ आहे की एखाद्या बाजूला जास्त? झाडांना पाणी कुठून येतं? खरं खरं सांगा, डॉक्टरला सांगतात तसं.

अंकिता


माळवस्ती
१६ सप्टेंबर २०२४

चि. अंकितास,

चांगलीच फळं पाठवा असं वाचलं आन् माझा जीव भांड्यात पडला. सहा मागितलीस, नऊ धाडलीत. सहा तुझ्या पाण्यात, तीन सरबताला.

मातीची मात्र गंमत झाली. खुरपं घेऊन झाडाखाली बसले, डबा भरला, उठते तर समोर हे. म्हणाले, माती कशाला? माझ्या तोंडातनं निघालं, घटाला. घट बसायला अजून सतरा दिवस हायत. हे डब्यात डोकावले आन् म्हणाले, 'औंदा लई लवकर तयारी.' आन् गेले. मला वाटलं धरली आता, पण न्हाय. भोळे हायत तसे.

जेसीबी उद्याच येणार होता. मी म्हटलं, उद्या अनंत चतुर्दशी, गणपती पाण्यात घालायचा का झाडं उपटायची? परवापास्नं म्हाळ सुरू. पितरांच्या पंधरवड्यात फळावर आलेलं झाड पाडलं तर तुमचे वडील पानावर बसायला येतील का? ह्यांनी वडलांचं नाव ऐकून पंचांग काढलं. शेवटी ठरलं, तीन ऑक्टोबरला घट, चार तारखेला जेसीबी. म्हंजे पितरांनी मला अठरा दिवस मिळवून दिले.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. फळ जातंय ते समदं खालचं, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतचं. भुईला टेकलेल्या फांदीवर तर एक राहिलं न्हाय. शेंड्याकडची फळं बघावीत तर डोळे निवत्यात. आन् उसाच्या बांधाकडच्या सहा ओळी पार गेल्या, वेशीकडच्या ओळींना काय सुदीक न्हाय. दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, तिकडं कुणाची तरी नजर जास्त पडत असंल.

पाण्याचं इचारलंस. ठिबक हाय, आन् वरनं पाऊस. बाकी काय न्हाय.

आत्याबाई


सोलापूर
२३ सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाई,

नाव मिळालं. बसून वाचा.

माती बादलीत कालवली, वर तुमची सहा लिंबं सोडली. दोन दिवस काही नाही. संगमेश सर येता-जाता 'काय, लागला का मासा' विचारायचे. तिसऱ्या दिवशी एकावर पाण्याच्या रेषेला तपकिरी डाग. पाचव्या दिवशी सहापैकी पाच. चामड्यासारखा कोरडा डाग, आंबूस वास. त्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि आत काय, तर लिंबाच्या आकाराच्या बारीक बारीक पिशव्या. अगदी टोकासकट लिंबू. हसू आलं मला. सरांनी स्वतः बघितलं आणि मग मान डोलावली.

हिचं नाव फायटोप्थोरा. आपण तिला फळकुजीची बुरशी म्हणू. पुस्तकवाले म्हणतात ही खरी बुरशी नाही, पाण्यातल्या शेवाळाची लांबची बहीण. पण मामांसमोर त्या भानगडीत पडू नका. महत्त्वाचं एवढंच की ही मातीत राहते आणि पाण्यात पोहते. पावसाचा थेंब मातीवर आपटला की उडून खालच्या फळावर बसते, म्हणून तुमची गुडघ्याखालची फळं गेली.

बाग वाचते, आत्याबाई. भुईला टेकलेल्या फांद्या गुडघाभर छाटा. गळलेली फळं रोज वेचून बागेबाहेर पुरा. चुना-मोरचुदाचं बोर्डो मिश्रण खालच्या फांद्यांवर आणि मातीवर मारा, प्रमाण वेगळ्या कागदावर लिहिलंय. ज्या झाडांच्या बुंध्याची साल सडून डिंक येतोय ती मात्र काढावी लागतील.

पण एक गोष्ट जुळत नाही. एवढा जोर नुसत्या ठिबकानं आणि पावसानं येत नाही. येत असता तर वेशीकडच्या ओळीही गेल्या असत्या. त्या सहा ओळींत पाणी साचून राहतंय, आणि ते उसाकडनं येतंय. मला वाटतं मामा उसाला पाणी सोडून विसरत असतील आणि ते बांधावरनं खाली उतरत असेल. ते थांबल्याशिवाय औषध मारणं म्हणजे गळक्या छपराखाली सारवत बसणं. आता मी अजून त्या घरात आलेली नाही. होणाऱ्या सासऱ्यांना 'तुमच्यामुळं बाग गेली' असं पत्रातनं कसं सांगू? हे तुम्हीच बोला. शिक्का मारलेला रिपोर्ट दोन-चार दिवसांत पाठवते.

अंकिता


माळवस्ती
२७ सप्टेंबर २०२४

चि. अंकितास,

तू ह्यांना दोष दिलास ते वाचून मला तीन दिवस अन्न गोड लागलं न्हाय. डॉक्टरला सांगतात तसं सांग म्हणाली होतीस, आन् मी अर्धंच सांगितलं. आता उरलेलं ऐक. पहिल्यांदा तुलाच सांगतेय.

पाच वर्षांमागं उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. हे म्हणाले, असंल ते पाणी उसाला, लिंबाला ठिबकावर भागवू. ठिबकात थेंब पडंना. झाडं माना टाकाया लागली. एका सकाळी हे मोडनिंबच्या बाजाराला गेल्यावर मी बांधाच्या बुडाशी पहारीनं भोक पाडलं, त्यात हातभर नळीचा तुकडा बसवला आन् वर गवत ओढलं. तवापास्नं उसाला पाणी सोडलं की माझ्या लिंबांना आपसूक मिळायचं. पाच उन्हाळे मी माझ्या नवऱ्याचं पाणी चोरलंय, अंकिता. पावसाळा आला की तोंडाला पोतं कोंबायचं, उन्हाळ्यात काढायचं. औंदा गुडघ्यानं दगा दिला. वाकणं होईना, आज करू उद्या करू म्हणताना पोतं बसवायचं राहून गेलं.

म्हंजे बाग माझ्या हातानं सडली. मी दुकानदाराची नजरंची गोष्ट खरी धरली, त्यालाच शिव्या दिल्या, ह्यांच्या उसाला नावं ठेवली, आन् भोक माझं.

आता तूच सांग काय करू. भोक गुपचूप बुजवता येईल. पण हे तसे सुटणार न्हाईत. पाणी उसाकडनं येतं म्हटलं की बांध चालून बघणार, आन् नळी सापडणार. न्हाय सांगितलं तर चार तारखेला झाडं जातील. सांगितलं तर पाच वर्षांची चोरी कबूल करायची, ते बी सून घरात यायच्या तोंडावर. ह्या वयात तोंड कुटं लपवू?

आत्याबाई


सोलापूर
३० सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाई,

मामांविषयी मी घाईनं लिहिलं, त्याची आधी माफी मागते.

रिपोर्ट सोबत आहे. त्यात रोगाचं नाव आहे, उपाय आहेत, आणि 'बांधाकडून येणारे जादा पाणी बंद करावे' असं एक वाक्य आहे. ते पाणी कुणी आणलं हे त्यात नाही, कारण ते मातीत सापडत नाही.

तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगते. बोला. चोरून पाणी पाजलंत म्हणून तर ती झाडं तो उन्हाळा जगली, आज रोग पडायला तरी जिवंत आहेत. घट बसतील त्या दिवशी रिपोर्ट त्यांच्या हातात द्या आणि एका दमात सांगून टाका. मामा रागावले तर मला कळवा, मी तानाबाईआजीला घेऊन येते. ती मीठमोहऱ्यांसकट येईल.

मी आज कामात दोनदा चुकले. जीव तिकडं लागलाय.

अंकिता


माळवस्ती
५ ऑक्टोबर २०२४

चि. अंकितास हिंदुराव मामाचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय न्हाय. शेवटचं पत्र शाळंत मास्तरांनी फळ्यावरनं उतरवून घेतलं होतं. तुझी पत्रं कासीम दोनदा माझ्याच हातात देऊन गेला. मी न उघडता तिच्या उशाला ठेवली. एवढं तुला ठाऊक असावं.

परवा घट बसल्यावर तुझी आत्याबाई तुझा रिपोर्ट घेऊन माझ्याम्होरं बसली. पहिल्यांदा ते अवघड नाव घेतलं, तीनदा चुकलं, चौथ्यांदा बरोबर आलं. मग बांधाचं भोक, नळी, पोतं, समदं सांगितलं आन् मान खाली घालून बसली. मी रागावल्यासारखं केलं. तोंड फिरवलं, दुपारचा चहा घेतला न्हाय. तसं केलं नसतं तर तिला चुकल्यासारखं वाटलं असतं.

काल जेसीबी आला. ठरवलेला माणूस माघारी कसा धाडायचा, म्हणून त्याच्याकडनं ऊस आन् लिंबाच्या मधी कंबरंएवढा चर काढून घेतला. पाणी आता ओढ्याला जातंय. साल सडलेली नऊ झाडं काढली, ती तिनंच बोटानं दाखवली. एकशे अकरा राहिली. फांद्या मी छाटतोय, तिचा गुडघा वाकत न्हाय.

आता जे सांगतो ते तुझ्यापाशी ठेव. ते भोक मला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. माझ्या उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचाया तासभर उशीर व्हायला लागला, तर काय मला समजणार न्हाय? जाऊन नळी बघून आलो, गवत होतं तसं वर ओढलं. त्या दिवसापास्नं दर पाळीला मोटर एक तास जादा चालवत आलो. औंदा जुलैअखेर पावसानं ओढ दिली तवा दोन तास चालवली, तिची फळं सुपारीएवढी होती म्हणून. वरनं ऑगस्टाचा पाऊस. भोक तिचं खरं, पण पाणी मी ओतलं. रोग तिनं एकटीनं आणला न्हाय.

बाग काढाया निघालो ते उसाच्या लोभानं न्हाय. रोज सकाळी ती गळलेली लिंबं पदरात वेचायची आन् पदरानंच डोळे पुसायची. मी उसात उभा राहून बघायचो. मला ते सोसंना, दुसरं काय. म्हटलं झाडंच नकोत.

तू शिकलेली हायस, तू म्हणशील हे तिला सांगा. मी सांगणार न्हाय, आन् तू बी सांगू नको. पाच उन्हाळे माझ्या नाकावर टिच्चून तिनं बाग जगवली, असं तिला वाटतं. कालपास्नं तर शेजारणींना ते भोक दाखवत हिंडतीय. तेवढा तोरा तिच्यापाशी राहू दे.

तुझा मामा
हिंदुराव